‘माजलं’ म्हणण्याआधी : घरच्या जनावरांचं मन ओळखायचं नि सांभाळायचं कसं

आमच्याकडे जनावरांसाठी शब्दांची कमी नाही. कुत्रं ‘माजलं’, बैल ‘बसका’ निघाला, गाय ‘पान्हा चोरते’, मांजर ‘लबाड’, बकरी ‘वांड’. असा शब्द एकदा चिकटला की चौकशी तिथंच संपते. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या या घरात सून म्हणून येऊन मला बावीस वर्षं झाली. कोठ्यात (गोठ्यात) बैलजोडी, एक गवळाऊ गाय, चार-पाच बकऱ्या, ओट्यावर कुत्रा आणि कोठीत मांजर, हा संसार तेव्हापासून चालू आहे. हे सगळे शब्द मीही वापरलेत आणि निम्म्याहून जास्त वेळा तोंडघशी पडलेय.

टिप्याचंच घ्या. तीन वर्षांचा, गरीब स्वभावाचा आमचा गावठी कुत्रा एका हिवाळ्यात पोरांवर गुरगुरायला लागला. शेजारच्या पोराच्या पँटीला दात लावले त्या दिवशी ओट्यावर पंचायत भरली. ‘माजलं हे कुत्रं, सोडून द्या जंगलात.’ मी चिडून त्याच्या दिवसाचा हिशेब मांडला. हरभऱ्यात रानडुकरं शिरायची म्हणून तो रोज रात्री आमच्या ह्यांच्यासोबत वावरात जागलीला जायचा. पहाटे पाचला परत आला की ओट्याच्या खांबाला बांधला जायचा. सातपासून तिथूनच शाळेची पोरं जातात. कोणी खडा मारतं, कोणी शेपटी ओढतं. कुत्र्याला दिवसाकाठी दहा-बारा तास झोप लागते, टिप्याला तीन-चारही मिळत नव्हती. त्याची जागा कोठ्यामागं, पोरांच्या नजरेआड केली, खाली पोतं अंथरलं. दहा दिवसांत गुरगुर थांबली. रातपाळी करून आलेल्या माणसाला झोपू दिलं नाही तर तोही अंगावर येईलच की.

तेव्हापासून मी एक क्रम पाळते. आधी पाहायचं, मग दुखणं शोधायचं, मग भीती, मग कंटाळा. स्वभावाला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम आहे. मधली पायरी गाळू नका.

आधी आठ दिवस नुसतं पाहा

दूध डेअरीच्या हिशेबाची जुनी वही पुरे. रोज दोन ओळी: किती खाल्लं, कुठं झोपलं, कोण आल्यावर उठून गेलं, शेण-लघवी नेहमीसारखी होती का, आणि जे वेगळं वाटलं ते किती वाजता झालं. नियम एकच, विशेषण लिहायचं नाही. ‘चिडला’ असं न लिहिता ‘ताटली उचलायला गेले तेव्हा ओठ वर केले, दात दिसले’ असं लिहा. आठ दिवसांनी वही वाचली की एखादी वेळ, एखादी जागा किंवा एखादा माणूस पुन्हा पुन्हा येताना दिसतो. आमच्या घरी तो माणूस एकदा मीच निघाले होते, ते जाऊ द्या.

तुलना करायला नेहमीचं काय असतं ते माहीत हवं. निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते आणि दहा-बारा तास बसून काढते. कामाचे बैल थोडे कमी बसतात. जनावर घाबरलं किंवा त्याला दुखत असलं की आधी रवंथ कमी होते, म्हणून संध्याकाळी कोठ्यात दिवा लावायला जाल तेव्हा दोन मिनिटं थांबून जबडे हलताहेत का ते बघा. झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला तीसच्या आत असतो. मांजर बारा ते सोळा तास झोपतं, ते त्याचं रोजचंच आहे. पण फळीवर ऐटीत झोपणारं मांजर आठवडाभर चुलीमागं दडून बसलं तर ते वहीत आलं पाहिजे.

मग अंग तपासा

आमचा लाल्या एका मृगात जू ठेवताना मान काढून घ्यायला लागला. ह्यांनी लगेच ‘बसका’ म्हणून टाकलं आणि पुराणी (बैल हाकायची टोकदार काठी) उचलली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरून ओरडले, ‘‘अरे, बैल बसका नाई तो. खांदा पाह्य त्याचा आधी!’’ खांदा सुजून गरम झाला होता. नव्या जुवाला आतून एक गाठ राहिली होती, तीच रोज घासत होती. जू तासून घेतलं, बैलाला पंधरा दिवस आराम दिला आणि ‘बसकेपणा’ गेला.

बैल सारखं डोकं झटकत असेल, मान एका बाजूला कलती धरत असेल, एकच शिंग खुंट्याला घासत असेल, तर तो मस्ती करत नाही. शिंगाचा कॅन्सर आपल्याकडच्या बैलांत बऱ्यापैकी आढळतो आणि लवकर लक्षात आला तर शिंग काढून बैल वाचवता येतो. कुत्रं डोक्याला हात लावू देत नसेल तर कान हुंगून पाहा. घाण वास आला तर कानात दुखणं आहे. गोचीड झालेलं कुत्रं चिडचिडं असतंच. बोका सारखा लघवीला बसत असेल आणि थेंबच येत असेल, तर ‘घरात घाण करतो’ म्हणून त्याला हाकलू नका. मूत्रमार्ग अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि माणसाची गोळी देऊ नका. पॅरासिटामोलची एक गोळीही मांजराच्या जिवावर उठू शकते.

एक गोष्ट मात्र वही-बिही न काढता लगेच करायची. शांत जनावर एकाएकी वाटेल त्याला चावत सुटलं, किंवा रागीट जनावर एकदम लाडात आलं, लाळ गळू लागली, आवाज बदलला, चाल लटपटली, तर रेबीजचा संशय धरा. गाई-बैलांत हे ओळखायला फसगत होते. जनावर घोगरं हंबरतं, लाळ गाळतं, गिळता येत नाही, आणि आपण घशात काही अडकलं समजून तोंडात हात घालतो. तसा हात घालू नका. जनावर वेगळं करा आणि डॉक्टरांना बोलवा. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ असं काहीही झालं असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली जागा पंधरा मिनिटं धुवा आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, तिखट यांतलं काही लावू नका.

गावातला पशुवैद्यकीय दवाखाना, तिथले पशुधन पर्यवेक्षक आणि फिरत्या पथकासाठी १९६२ हा फोन, एवढं घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या. गुंतागुंतीच्या दुखण्याला नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांकडे जाताना वही न्या आणि मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या. दवाखान्यात जनावर अवाक होऊन उभं राहतं, घरी करतं ते तिथं करत नाही.

भीती कशी दिसते

‘शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूश’ हे अर्धंच खरं. ढिली, अख्खं अंग डोलवणारी शेपटी आनंदाची. ताठ उभी राहून टोकाशी थरथरणारी शेपटी इशाऱ्याची. भ्यालेलं कुत्रं झोप नसताना जांभई देतं, समोर खाणं नसताना नाक चाटतं, एक पाय उचलून थांबतं, तोंड वळवतं आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, तेव्हा पांढरा भाग दिसतो. कोरडं असूनही भिजल्यासारखं अंग झटकतं. एवढं सांगूनही आपण जवळ जात राहिलो तर मग ते गुरगुरतं.

गुरगुरण्यासाठी कुत्र्याला मारू नका. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. गुरगुर हा त्याचा शेवटचा शब्द असतो. मार खाऊन ते हा शब्द गिळायला शिकतं आणि पुढच्या वेळी न सांगता चावतं. ‘काही म्हटलं नाही, काही नाही, एकदम चावलं’ अशी जी कुत्री आपण पाहतो, त्यांच्यातल्या कित्येकांचं बोलणं आधीच कुणीतरी बंद केलेलं असतं. घरातल्या पोरांना कुत्र्याजवळ न जायच्या तीन वेळा शिकवून ठेवा: ‘‘जेवत असन तं नाई, झोपला असन तं नाई, पिलं जवळ असन तं नाई.’’ आमच्या धाकट्यानं हे कोळशानं भिंतीवर लिहून ठेवलं होतं.

बैलाची भीती वेगळी दिसते. मान वर, कान ताठ, डोळ्यांत पांढरं, नाकातून फुसफुस, शेपटी पायात आणि पातळ शेण. गाई-बैलांचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्यामुळे त्यांना जवळजवळ चौफेर दिसतं. पण थेट मागचं दिसत नाही आणि खड्डा किती खोल आहे याचा अंदाज पटकन येत नाही. म्हणून मागून येऊन पाठीवर थाप मारणाऱ्याला लाथ बसते. खांद्याच्या बाजूनं, आधी आवाज देऊन जवळ जा. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन यांनी जनावरांच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून गोठे आणि वाटा तपासल्या आणि दाखवून दिलं की जनावर अडतं ते सावली, चमकणारं डबकं, फडफडणारं कापड अशा आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींपाशी. आमचा चांद्या नाल्याच्या रपट्यावर आठवडाभर अडायचा. शेवटी लेकीनं दाखवलं, बाभळीला खताच्या थैलीचं पांढरं प्लास्टिक अडकलं होतं. बंडी (बैलगाडी) अडली की आधी खाली उतरा, बैलाला मान खाली घालून हुंगू द्या, मिनिटभर थांबा. चाबूक मारला तर बैल पुढं जाईल, पण उद्यापासून त्या जागेची आणि तुमची, दोन्हींची भीती धरील.

मांजराशी बोलायला सोपी युक्ती आहे. त्याच्याकडे टक लावू नका. डोळे अर्धे मिटा, हळूच पूर्ण मिटा, उघडा. ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच तपासलं. असं केलं की मांजरं उलट डोळे मिचकावतात आणि अनोळखी माणसाजवळही यायला जास्त तयार होतात. आमच्या मनीनं हा प्रयोग पहिल्याच दिवशी पास केला, ह्यांच्याबाबतीत मात्र अजून नाही. मांजराला पळून बसायला एक उंच जागा आणि एक अंधारा कोपरा ठेवला की निम्मं काम झालं. आणि मांजर पोत्यात भरून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडायची जी रीत आहे ती सोडा. जे परत येतं ते भेदरून येतं, जे येत नाही त्याचं काय होतं ते आपण पाहायला जात नाही.

बांधणं

साखळीनं आखूड बांधलेलं कुत्रं राखणीला बरं असतं, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याला पळता येत नाही, म्हणून प्रत्येक येणाऱ्यावर तुटून पडणं एवढंच त्याच्या हाती उरतं. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार फार आखूड किंवा फार जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हाही आहे.

रस्त्यावरच्या घरात कुत्रं मोकळं ठेवता येत नाही, हे मान्य. त्यावर तारेची धाव करा. अंगणातल्या कडुलिंबापासून कोठ्याच्या खांबापर्यंत डोक्याच्या वर एक जाड तार ताणा, तिच्यात लोखंडी कडी ओवा आणि कडीला हलकी साखळी. साखळी एवढी लांब की कुत्र्याला आरामात आडवं होता येईल. दोन्ही टोकांना चार-चार फूट आधी तारेला गाठ किंवा लाकडाचा अडसर द्या, नाहीतर ते झाडाभोवती गुंडाळलं जाऊन गळफास बसतो. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जायला हवीत. धावेच्या एका टोकाला सावली आणि पाणी. खर्च तारेचा तेवढाच, आणि आठ दिवसांत भुंकण्याचा सूर बदलतो.

बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांत रात्री कुत्रं बाहेर बांधणं म्हणजे बिबट्याला आवतन देणं. दाराशी रात्रभर कण्हणारं, उंबऱ्याला नखं मारणारं कुत्रं भित्रं ठरवण्याआधी त्याला काय वास येत असेल याचा विचार करा. रात्री आत घ्या.

पोळा, दिवाळी आणि डीजे

माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत, मांजराला त्याहून वर. आपल्याला नुसता धडाका वाटतो त्यात त्यांना आणखी बरंच काही ऐकू येत असतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी मला सगळ्या सणात आवडते. पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावायची आणि म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ पण दुसऱ्या दिवशी आवतन दिलेल्या त्याच पाहुण्याला आपण तोरणाखाली दोन-तीन तास उन्हात उभं करतो, डोळ्यांवर मठाट्या (कपाळाचे साज) लोंबतात, शिंगांना फुगे, शेजारी डीजे, आणि झडत्या (पोळ्याची गाणी) संपून पोळा फुटला की फटाक्यांत पळवतो. आम्ही आता असं करतो: मठाट्या आणि झूल चार दिवस आधी घरीच थोडा थोडा वेळ चढवतो, म्हणजे त्या दिवशी सगळं नवं नसतं. फुगे नाहीत. तोरणाला शेवटी जातो आणि रांगेच्या कडेला उभे राहतो. कासरा त्याच माणसाच्या हातात, ज्याच्या हातचं बैल रोज खातो. सणाला आलेल्या जावयाच्या हातात नाही, त्याला कितीही राग आला तरी. पोळा फुटताना आम्ही मागं थांबतो आणि गर्दी ओसरली की निघतो.

दिवाळीसाठी नवरात्रापासून तयारी करा. मोबाइलवर फटाक्यांचा आवाज अगदी हळू लावा आणि त्याच वेळी कुत्र्याला भाकरीचे तुकडे द्या. ते निवांत खात राहिलं तरच दोन-तीन दिवसांनी आवाज किंचित वाढवा. कान मागं पडले की पुन्हा कमी करा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अंधार पडायच्या आत फिरवून आणा, मग आतल्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवून जागा द्या. पलंगाखाली लपलं तर ओढून बाहेर काढू नका. ‘कुरवाळलं की भीती वाढते’ हे खरं नाही; जवळ येऊन बसलं तर हात फिरवा. भीतीनं दरवर्षी भिंती खरवडणारं कुत्रं असेल तर दिवाळीच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा, औषधं असतात. गायगोधनाला (दिवाळीतला गाईगुरांचा सण) ढोरांच्या पायात लवंगी सोडणाऱ्या पोरांचे कान मात्र पकडायलाच हवेत.

ऊन

मे महिन्यात विदर्भात पारा सहज पंचेचाळीसच्या वर जातो. अंग तापलं की डोकंही तापतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या गावात कुत्र्यांची भांडणं आणि बैलांचं शिंग उगारणं दोन्ही वाढतं. कुत्र्याला घाम जवळपास येतच नाही, धापा टाकूनच ते अंग गार करतं. पाण्याची दोन भांडी सावलीत, एक जड, लवंडणार नाही असं. फुटक्या माठाचा बूड चांगला चालतो. धापा थांबतच नाहीत, लाळ घट्ट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, तोल जातो, तर पोट आणि पाय साध्या पाण्यानं भिजवत, वारा घालत दवाखान्यात न्या.

ओढकामाच्या जनावरांसाठीचे १९६५ चे केंद्राचे नियम सांगतात की तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही, आणि दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. सदतीस म्हणजे आपल्याकडे मार्चअखेरच. मामाजींना हा नियम वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘‘हे तं माहा बाप बी सांगे, कायदा कायले पायजे?’’

कंटाळा

पेरणी ते सोंगणी बैल कामात असतात, मग उन्हाळाभर खुंट्याला. दावं चावणं, जीभ फिरवत राहणं, खुंटा उपटणं हे तेव्हा सुरू होतं. जुने दोन-तीन खराटे एका खांबाला बैलाच्या पाठीच्या उंचीवर घट्ट बांधा. अंग घासायला असं काही मिळालं की बैल त्यापाशी अर्धा अर्धा तास रमतो. कुटार एकदम गव्हाणीत न ओतता तीन वेळा टाका. रोज संध्याकाळी तासभर मोकळं सोडा, निदान आखरापर्यंत (गावाकडेच्या गुरं जमायच्या जागेपर्यंत).

बकऱ्यांना चढायला हवं असतं. मोडकी बंडी किंवा दगडांचा ढीग दिला की त्या छपरावर जात नाहीत. आणि बकरी एकटी ठेवू नका, एकटी बकरी दिवसभर ओरडते आणि आपण तिला वांड म्हणतो. पोरांनी बाटलीनं वाढवलेलं बोकडाचं पिलू पुढं बाजारात जातं तेव्हा घरात जे होतं, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. निदान पोरांना खोटं सांगू नका.

कुत्र्याच्या भाकरीचे तुकडे मडक्याच्या खापरांखाली, नारळाच्या शेंड्यांत लपवा. पाच मिनिटांत संपणारं जेवण अर्धा तास चालतं. वावरात नेलं की धुऱ्यावर (बांधावर) हुंगू द्या, ओढत नेऊ नका.

पिलू आणताना घाई करू नका. डोळे उघडले की उचलून आणलेलं पिलू मोठेपणी भित्रं किंवा चावरं होण्याची शक्यता जास्त. आठ आठवडे आईजवळ राहू द्या. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात ते जग शिकतं. त्या काळात ट्रॅक्टर, म्हातारी काठी टेकत चाललेली, लहान मूल, बैल, मांजर हे सगळं थोडं थोडं, न घाबरवता दाखवा.

पान्हा

‘गाय पान्हा चोरते’ या शब्दाचा मला विशेष राग आहे, कारण गाय काही चोरत नाही. वासराच्या ढुसणीनं किंवा ओळखीच्या हातानं गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन येतं आणि दूध उतरतं. ती घाबरली की ॲड्रेनालिन वाढतं आणि दूध वरच अडतं. म्हणजे धार काढताना ओरडणारा माणूस स्वतःचंच नुकसान करतो. वेळ एक, माणूस एक, जागा एक ठेवा. वासरू तिला दिसेल असं बांधा. बसण्याआधी मानेखाली, जिथं गाई एकमेकींना चाटतात तिथं, दोन मिनिटं हात फिरवा. तिथं कुरवाळल्यावर गाय मान लांबवते, कान सैल सोडते, असं व्हिएन्नातल्या संशोधकांनी तपासून पाहिलं आहे. ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठानं २००९ मध्ये ५१६ दूध उत्पादकांची पाहणी केली. ज्यांनी गाईंना नावं ठेवली होती त्यांच्याकडे एका वेतात सरासरी २५८ लिटर दूध जास्त निघालं. नावानं दूध वाढत नसेल. पण जो नाव ठेवतो तो हाक मारून जवळ जातो, काठी घेऊन जात नाही.

घरातली माणसं

स्वीडनमधल्या लिंशोपिंग विद्यापीठानं २०१९ मध्ये कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. मालकिणीचं जास्त तर कुत्र्याचंही जास्त, असं महिनोन्महिने सोबत चाललेलं दिसलं. कापसाचे भाव पडलेले, सोसायटीची नोटीस आलेली, घरात दोन दिवस कुणी धड बोललेलं नाही, अशा घरात कुत्रं पलंगाखाली का बसतं हे मला तेव्हा समजलं. भांडण करू नका असं मी कुठल्या तोंडानं सांगू. पण आवाज चढला की कुत्र्याला बाहेरचं दार उघडून द्या, आणि त्या दिवशीही भाकर त्याच वेळेला टाका.

ताटातूट

गेल्या भादव्यात लाल्या साप चावून गेला. त्याच्यासोबत आठ वर्षं एका जुवाखाली असलेल्या चांद्यानं दुसऱ्या दिवशी कडब्याला तोंड लावलं नाही. लाल्याचा खुंटा रिकामा असूनही तो आपल्याच अर्ध्या भागात उभा राहायचा, पलीकडे पाय टाकायचा नाही. ब्रिटनच्या नॉर्थॅम्प्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासात दिसलं होतं की ओळखीच्या सोबतिणीशेजारी उभ्या गाईचे ठोके अनोळखी गाईशेजारी असतानापेक्षा शांत असतात. सोबत जाते म्हणजे तेवढा आधार जातो.

अशा वेळी काय करायचं: वेळापत्रक जसंच्या तसं ठेवा. जागा बदलू नका, गव्हाण लगेच धुऊन काढू नका. गाय-बैल चोवीस तास काहीच खात नसेल किंवा रवंथ बंद असेल तर डॉक्टर बोलवा. मांजराला दोन दिवस उपाशी राहू देऊ नका, त्याचं यकृत बिघडतं. माणूस गेलेल्या घरात कुत्र्याजवळ त्या माणसाचं एखादं धुतलेलं नाही असं कापड राहू द्या. बैल एकटा असेल तर दुसरं कुठलंही ओळखीचं जनावर जवळ बांधा; आम्ही चांद्याशेजारी एक म्हातारी बकरी बांधली, तिसऱ्या रात्री तो तिच्याकडे तोंड करून बसला.

नवा बैल घाईनं आणू नका, आणि आणलात तर लगेच जुंपू नका. २०२२ च्या लम्पी या त्वचारोगाच्या साथीनंतर आम्ही नवं जनावर निदान तीन आठवडे वेगळं ठेवतो. त्या दिवसांत दोघं एकमेकांना लांबून पाहतात, आवाज ऐकतात. तीन आठवडे निभले की नव्याचं अंग पुसलेलं पोतं जुन्याच्या गव्हाणीजवळ टाका. मग मध्ये एक खुंटा रिकामा सोडून शेजारी बांधा, चारा दोघांना वेगळा, पण एकाच वेळी. ढुसण्या होतील, शिंगाला शिंग लावतील. रक्त निघत नसेल तर मध्ये पडू नका. आठवड्यानं सकाळच्या गारव्यात रिकामी बंडी घेऊन गावाबाहेर एक फेरी, मग दोन.

चांद्या आणि नव्या गोऱ्ह्याला हे सगळं धरून सव्वा महिना लागला. तोवर वखरणी शेजाऱ्याच्या जोडीवर केली. आता दोघं सोबत जातात. नव्याचं नाव काय ठेवायचं यावरून पोरांचं अजून जमलेलं नाही.